पावसाळ्यानंतर शिडाच्या बोटीचं डिझेल इंजिन जोरच धरत नाहीये, २५०० च्या वर जात नाही आणि काळा धूर, मदत हवी

समुद्रवेडा | ४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आता अडलोय म्हणून लिहितोय. माझी २८ फुटी शिडाची बोट आहे, पाण्याच्या रेषेला मोजली तर २४ फूट भरते. इंजिन यानमार २जीएम२०, दोन सिलिंडरचं, खाऱ्या पाण्याने थंड होणारं, जुनं आहे पण आजवर कधी दगा दिला नाही. मे महिन्यात गेटवेवरून मांडव्याला जाताना पाणी सपाट असलं की ३००० ते ३१०० आरपीएमवर आरामात ५.८ नॉट मिळायचे.

पावसाळ्यात बोट बाहेर काढली नव्हती, आत खाडीत आडोशाला बांधून ठेवली होती, ऑक्टोबरच्या सुरुवातीला परत मुरिंगवर (पाण्यात नांगरलेल्या बोयाला) आणली. काल पहिल्यांदा लांब निघालो तर लिव्हर पूर्ण पुढे ढकलला तरी इंजिन २५०० च्या वर चढेना, वेग ४.२, आणि मागे काळा धूर. परत आलो तेव्हा मागच्या पांढऱ्या फायबरवर काजळीचा थर होता, हात काळा होईल इतका. ओहोटीच्या ओढीत परत येताना तर बोट जवळजवळ जागेवरच उभी होती, दोन मुलं बरोबर होती आणि काळोख पडत होता, खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो.

एका मेकॅनिकला दाखवलं. त्याने पाच मिनिटं आवाज ऐकला आणि म्हणाला पिस्टनच्या रिंग गेल्यात, हेड उघडावं लागेल, इंजिन बाहेर काढून ओव्हरहॉल. खर्च ऐकून झोप उडाली. खरंच उघडायचं का? तेल लेव्हलला आहे, थंड पाणी एक्झॉस्टमधून व्यवस्थित पडतंय, इंजिन गरम होत नाहीये.

निवृत्त_मरीन | ४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

थांबा. हेडला हात लावू नका. आधी चार प्रश्नांची उत्तरं द्या.

थंड इंजिन सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होतं का? न्यूट्रलमध्ये लिव्हर पूर्ण दिला तर किती आरपीएम जातो? धूर काळाच आहे ना, निळा किंवा पांढरा नाही? आणि जोर सुरुवातीपासूनच नाही की पंधरा-वीस मिनिटांनी जातो?

समुद्रवेडा | ४ नोव्हेंबर, रात्री ११:२०

लगेच उत्तर दिलंत, आभारी आहे काका. १) एका सेकंदात सुरू होतं, तक्रारच नाही. २) न्यूट्रलमध्ये ३५०० च्या पुढे जातं पण मला वाटतं पूर्वीपेक्षा सावकाश चढतं. ३) काळाच, कोळशासारखा. ४) अगदी पहिल्या मिनिटापासून, जेवढा जोर आहे तेवढाच शेवटपर्यंत राहतो.

निवृत्त_मरीन | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

छान. आता नीट वाचा, थोडं लांब लिहितोय कारण ही गोष्ट समजली की निम्मं काम झालं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दाबून इतकी तापवली जाते की डिझेल फवारलं की स्वतःच पेट घेतं. कॉम्प्रेशन गेलेलं इंजिन थंड असताना सुरू व्हायलाच त्रास देतं, कण्हत कण्हत सुरू होतं, पांढरा धूर सोडतं, रिंग गेल्या असतील तर तेल जळून निळसर धूर येतो आणि तेलाची पातळी उतरते. तुमचं इंजिन एका सेकंदात पेटतंय, निळा धूर नाही. म्हणजे रिंगवर संशय घ्यायला सध्या काहीच कारण नाही.

दुसरं, तुमच्या हातातला लिव्हर इंजिनाला डिझेल किती द्यायचं हे थेट सांगत नाही, तो गव्हर्नरला सांगतो की एवढे फेरे हवेत. फेरे कमी पडले की गव्हर्नर आपणहून जास्त डिझेल सोडतो. मग दोन शक्यता. डिझेल मागूनच येत नसेल तर फेरे पडतात पण धूर येत नाही, कारण जळायलाच काही जास्त नाही. आणि डिझेल भरपूर येतंय पण सगळं जळत नाही तर काळा धूर. तुमचा काळा आहे. म्हणजे इंजिनाला डिझेल मिळतंय. एक तर त्याच्यावर ओझं जास्त आहे किंवा त्याला श्वास पुरत नाहीये, आत घेताना किंवा बाहेर सोडताना.

श्वास म्हणजे किती ते सांगतो, एक लिटर डिझेल पूर्ण जाळायला कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते. ती सगळी आत यायला हवी आणि जळून बाहेर जायला हवी.

अजून एक हिशोब. या इंजिनाची कमाल ताकद ३६०० ला १८ हॉर्सपॉवर, सतत चालवायची ३४०० ला १६. पंखा (पाण्याखालचा प्रोपेलर) जेवढी ताकद खातो ती फेऱ्यांच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे ३४०० ला १६ खाणारा पंखा २५०० ला जेमतेम साडेसहा खाईल. साडेसहा हॉर्सपॉवरला हे इंजिन काळा धूर सोडणार नाही. म्हणजे पंखा तरी जास्त मागतोय किंवा इंजिन तरी कमी देतंय. आधी पंखा बघा, ते फुकट आहे.

थळचा_नाखवा | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

काकांनी बरोबर सांगितलं. आमच्याकडे मासेमारीच्या बोटींना पहिला प्रश्न हाच असतो, पंखा कधी साफ केला. खाडीच्या गोड्या पाण्यातून बोट ऑक्टोबरात खाऱ्या पाण्यात आणली आणि महिनाभर मुरिंगवर उभीच ठेवली तर पंख्यावर बार्नॅकल (घट्ट चिकटून बसणारे कवचवाले समुद्री जीव) चढणारच. जोर जायला ती कितीशी लागतात? पात्याचा गुळगुळीतपणा गेला की पंखा पाणी कापत नाही, नुसतं ढवळतो. तळाला एक बोटभर शेवाळ असलं तरी एवढा फरक पडत नाही जेवढा पंख्यावरच्या दोन मुठी बार्नॅकलने पडतो.

साफ करायला उतरणार असाल तर भांगाचे दिवस बघा, अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी कमी असते तेव्हा. उधाणाला उतरू नका, अमावस्या-पौर्णिमेला हार्बरमध्ये पाण्याची ओढ माणसाला धरून राहू देत नाही. भांगाला भरती पूर्ण झाली की थोडा वेळ पाणी उभं राहतं, तेवढ्यात काम करायचं. पाण्यात काही दिसणार नाही, हाताने चाचपूनच करावं लागतं, जाड हातमोजे घाला, बार्नॅकलने कापलं की जखम लवकर भरत नाही आणि चिघळते.

आणि इंजिनाची चावी काढून स्वतःजवळ ठेवा. वर कोणी असलं तरी. आमच्या गावात याच चुकीने एकाचा हात गेलाय.

सोलंटवरून | ५ नोव्हेंबर, दुपारी २:१५

मी साउथॅम्प्टनजवळ असतो, मूळचा दापोलीचा. माझ्या बोटीत ३जीएम३०, तुमच्या इंजिनाचा तीन सिलिंडरवाला मोठा भाऊ. मलाही अगदी हेच झालं होतं पण कारण वेगळं, आधीच्या मालकाने दोन पात्यांचा पंखा काढून तीन पात्यांचा बसवला होता आणि त्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकेल ते अंतर) जास्त होता. ३६०० च्या जागी २७०० वर अडकायचं आणि काळा धूर. पंखा काढून वर्कशॉपमध्ये पिच २ इंच कमी करून घेतला, ३४०० ला गेलं. तुमच्या केसमध्ये पंखा तोच आहे आणि मे महिन्यात ठीक होतं, म्हणजे हे कारण नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

एक अगदी साधी गोष्ट मात्र बघा. लिव्हर पूर्ण पुढे असताना दुसऱ्या कुणाला तरी इंजिनाजवळ बसवून केबलचं टोक खरंच स्टॉपरपर्यंत पोचतंय का ते पाहायला सांगा. केबल आतून गंजली किंवा क्लॅम्प सरकला तर लिव्हर पूर्ण दिसतो आणि इंजिनापाशी तीन चतुर्थांशच ओढला जातो.

मांडवीकाठ | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

धाग्यात घुसतोय, माफ करा, पण माझाही प्रॉब्लेम जोर न मिळण्याचाच आहे आणि वेगळा धागा काढण्यापेक्षा इथेच विचारतो. माझी बोट पणजीला मांडवीत असते. सुरू झालं की मस्त, पूर्ण आरपीएम, धूर नाही काही नाही. आग्वादच्या बाहेर पोचेपर्यंत वीसेक मिनिटं होतात आणि मग इंजिन हळूहळू दम सोडतं, ३००० चं २६००, मग २०००, मग बंद. दहा मिनिटं थांबून परत सुरू केलं की पुन्हा वीस मिनिटं छान. दोन्ही फिल्टर नवे टाकले, फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) डायफ्राम बदलला, फरक शून्य.

निवृत्त_मरीन | ५ नोव्हेंबर, रात्री ८:००

मांडवीकाठ, उलट बरं झालं इथे विचारलंत, दोन्ही केस शेजारी शेजारी ठेवल्या की फरक स्पष्ट दिसतो. तुमच्याकडे धूर नाही, जोर वेळेनुसार जातो आणि विश्रांतीनंतर परत येतो. ही डिझेल न पोचण्याची खूण आहे. दहा मिनिटांत आपोआप काय बरं होतं याचा विचार करा. टाकीत व्हॅक्यूम तयार होत असेल तर तो हळूहळू भरून निघतो, किंवा टाकीतल्या नळीच्या तोंडाशी ओढला गेलेला कचरा खाली पडतो.

पुढच्या वेळी जोर जायला लागला की इंजिन बंद करू नका, डेकवरचं डिझेल भरायचं झाकण उघडा आणि कान लावा.

समुद्रवेडा | ९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

अपडेट. केबल बघितली, पूर्ण स्टॉपरपर्यंत जाते. लेझरचा टॅकोमीटर ऑनलाइन मागवला, पुलीवर चमकती पट्टी चिकटवून मोजलं, पॅनलवरचा मीटर फार तर ५० चा फरक दाखवतो, म्हणजे मीटरही खोटं बोलत नाहीये.

काल नाखवादादांनी सांगितलं तसं भरती उभी असताना मित्राबरोबर उतरलो. पंख्याला हात लावला आणि धक्काच बसला, पात्याची कडच लागेना, सगळा खरबरीत गोळा. पुट्टी लावायच्या पट्टीने खरवडून काढलं, चाळीस मिनिटं लागली, शाफ्टच्या ब्रॅकेटवर आणि इंजिनाला पाणी ओढून घेणाऱ्या जाळीवरसुद्धा होतं तेही काढलं. मला वाटलं झालं काम!

आज बाहेर काढली. २७५०. वेग ४.९. फरक पडला हे नक्की, बोट जरा मोकळी वाटते, पण पूर्वीचे ३१०० नाहीत आणि पूर्ण लिव्हरला काळा धूर अजून आहेच, थोडा कमी. आता मात्र मला परत रिंगची भीती वाटायला लागली.

अलिबागची_वाट | ९ नोव्हेंबर, रात्री १०:१०

दादा माझा अनुभव सांगतो, डिझेलमध्ये टाकायचं नोझल क्लीनर मिळतं ते एक बाटली टाका आणि तेल जरा जाड ग्रेडचं घाला, जुन्या इंजिनाला जाड तेल मानवतं. माझ्या जीपला फरक पडला होता.

निवृत्त_मरीन | १० नोव्हेंबर, सकाळी ६:५०

जीपचा अनुभव खरा असेल, मी तो खोटा म्हणत नाही, पण इथे जाड तेल नको. मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेडच घालायचा. जाड तेल जोर देत नाही, फार तर झिजलेल्या इंजिनाचा आवाज झाकतं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्या आणि फरक पडला तर कशाने पडला ते कळत नाही.

समुद्रवेडा, निराश होऊ नका, पंख्याने २५० फेरे परत दिले म्हणजे एक कारण सापडलं. एका दुखण्यामागे दोन कारणं असणं समुद्रावर फार कॉमन आहे, आणि पहिलं दूर केलं की माणूस दुसरं शोधायचं सोडून देतो. आता श्वासाकडे वळू. हवा आत येते तिथला फोम काढून बघा, जुना झाला की त्याचा चुरा होऊन आत जातो. तो ठीक असेल तर राहतो एक्झॉस्ट.

पण त्याआधी एक चाचणी करून टाका, डिझेलची बाजू कायमची बाद करायला. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, ताजं डिझेल, इंजिनापेक्षा थोडा उंच ठेवा, फीड पंपाला येणारी नळी कॅनमध्ये आणि नोझलवरून परत जाणारी नळीही त्याच कॅनमध्ये. टाकी, प्रायमरी फिल्टर, लांब पाइप सगळं बाजूला. हवा काढून घ्या आणि चालवून बघा. फरक पडला तर दोष टाकीकडे, नाही पडला तर एक्झॉस्ट उघडा.

हवा काढताना एक काळजी. फीड पंपाचा छोटा लिव्हर हाताने मारत आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे जाईपर्यंत, मग इंजेक्शन पंपावरचा. त्यानंतरही सुरू झालं नाही तर नोझलचे नट अर्धा आटा ढिले करून स्टार्टर मारायचा. या वेळी समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवा. इंजिन पेटलेलं नसताना स्टार्टर मारत राहिलं की पंप पाणी ढकलत राहतो, बाहेर फेकायला एक्झॉस्टचा जोर नसतो, सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये जातं. चांगली इंजिनं यामुळे गेलेली मी पाहिलीत. पेटलं की लगेच कॉक उघडायचा, विसरायचं नाही. आणि ढिल्या नटाच्या फवाऱ्यापुढे बोट धरू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं.

मांडवीकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री १०:००

काका!! सापडलं. आज आग्वादच्या पुढे नेहमीप्रमाणे दम सोडायला लागलं, मी धावत जाऊन झाकण उघडलं आणि सूंऽऽ करून हवा आत ओढली गेली, मी चक्क ऐकलं, आणि अर्ध्या मिनिटात इंजिन परत ३००० ला. टाकीची हवेची नळी बंद! बाहेरचं टोक बघितलं तर कुंभारमाशीने आत मातीचं घर केलं होतं, अगदी पक्कं, तारेने टोकरून काढावं लागलं. पावसाळ्यात बोट तीन महिने उभी होती तेव्हा केलं असणार. दोन फिल्टर, एक डायफ्राम आणि दोन रविवार गेले, आणि कारण होतं चिमूटभर माती.

निवृत्त_मरीन | १२ नोव्हेंबर, रात्री १०:२०

फार आनंद झाला. टोकाला बारीक पितळी जाळी लावून टाका, पण दर महिन्याला जाळीही बघा, मीठ धरून तीसुद्धा बंद होते. आणि जमेल तेव्हा टाकीतली ओढायची नळी वर काढून बघा, बऱ्याच बोटींत तिच्या तळाला एक छोटी जाळी असते जी कुणालाच माहीत नसते. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवली की दमट हवेचं पाणी आत जमतं, पाणी आणि डिझेलच्या सीमेवर बुरशी वाढते, तो काळा चिकट गाळ त्या जाळीवर बसतो. फिल्टर कितीही नवे टाका, गाळ फिल्टरच्या आधीच अडलेला असतो.

समुद्रवेडा | १५ नोव्हेंबर, रात्री ९:४५

मांडवीकाठ, अभिनंदन. माझं अजून चालूच आहे.

कॅनची चाचणी केली. सगळं तुम्ही सांगितलं तसंच. २७५०, धूर तसाच. म्हणजे टाकी सुटली. हवेचा फोम काढला, ठीकच होता, तो काढून चालवलं तरी फरक नाही. आता एक्झॉस्टचा एल्बो (इंजिनातून धूर बाहेर नेणारा वाकडा तुकडा) उरला. पण काका, थंड पाणी तर व्यवस्थित बाहेर पडतंय, मग एक्झॉस्ट चोक कसा असेल? आणि एल्बो न काढता तपासायचा काही मार्ग आहे का, त्याचे नट इतके गंजलेत की हात लावायची भीती वाटते.

सोलंटवरून | १५ नोव्हेंबर, रात्री ११:३०

इथे काही जण एल्बो ढिला करून काही सेकंद इंजिन चालवून बघतात, जोर परत आला तर एल्बोच.

निवृत्त_मरीन | १६ नोव्हेंबर, सकाळी ७:००

ती चाचणी मला माहीत आहे पण मी इथे सुचवणार नाही. गरम वायू आणि कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये येतो, पाणी इंजिनावर उडतं, आणि एल्बो ढिला करायला नट तर काढावेच लागतात. मग सरळ काढूनच बघा ना.

पाणी पडतंय मग चोक कसा, हा प्रश्न योग्य आहे. एल्बोमध्ये दोन वाटा असतात, एक गरम वायूची आणि एक पाण्याची, आणि पुढे दोघं एकत्र येतात. जिथे एकत्र येतात तिथेच काजळी ओली होते, पाण्यातलं मीठ वाळतं आणि दोघांचा मिळून सिमेंटसारखा थर बसतो. पाण्याची वाट मोकळी राहू शकते आणि वायूची बंद होत जाते. हा दोष इंजिन बनवणाऱ्याचा नाही, पाण्याने थंड होणाऱ्या प्रत्येक ओल्या एक्झॉस्टमध्ये हे कमीअधिक होतंच, म्हणून एल्बो हा झिजणारा भाग समजून दर काही वर्षांनी काढून बघायचा असतो.

मला एक सांगा. पावसाळ्यात बोट खाडीत होती तेव्हा इंजिन चालवत होतात का?

समुद्रवेडा | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

हो, अगदी नियमाने. पावसाचं पाणी आत यायचं, ते उपसणाऱ्या बिल्ज पंपाने बॅटरी उतरायची, म्हणून जून ते सप्टेंबर दर रविवारी जायचो आणि पाऊण तास न्यूट्रलमध्ये १००० वर चालवून बॅटरी भरायचो. इंजिनही फिरतं राहील, गंजणार नाही असं वाटायचं. एकही रविवार चुकवला नाही.

निवृत्त_मरीन | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

मग कारण तिथेच असण्याची दाट शक्यता आहे. वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही काळजीपोटीच केलंत आणि बहुतेक जण हेच करतात. पण डिझेल इंजिनाला ओझ्याशिवाय मंद चालवणं मानवत नाही. ते तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, काजळी होते. त्यात तुमचं इंजिन खाऱ्या पाण्याने थंड होणारं, आत मीठ साचू नये म्हणून ते मुळातच कमी तापमानावर ठेवलेलं असतं. चार महिने, दर आठवड्याला पाऊण तास, म्हणजे बारा-तेरा तास नुसती काजळी एल्बोत भरली.

नटांना दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा, सकाळ-संध्याकाळ. काढताना जोर लावू नका, थोडं घट्ट थोडं ढिलं असं हलवत हलवत. नवीन गॅस्केट आधी हातात ठेवा.

थळचा_नाखवा | १६ नोव्हेंबर, दुपारी १:००

स्टड (नट ज्यावर बसतो तो इंजिनात रोवलेला बोल्ट) तुटला तर घाबरू नका, लेथवाला काढून देतो. आणि एल्बो काढला की इंजिनाच्या बाजूचं तोंड पण बघा, काजळी तिथेही असते. खरवडताना आत पडू देऊ नका, फडकं कोंबून ठेवा, आणि नंतर फडकं काढायला विसरू नका.

समुद्रवेडा | २३ नोव्हेंबर, रात्री १०:५०

काका, नाखवादादा, सगळेच, सापडलं.

चार नटांपैकी तीन निघाले, एक स्टड तुटला. एल्बो हातात आला, आतून टॉर्च मारला तर पलीकडचा उजेडच दिसेना. माझा अंगठा आत जायला हवा होता तिथे मुलाची शाळेची पेन्सिल घातली तर जेमतेम गेली. काळा कठीण दगड झाला होता आत. एवढ्या भोकातून इंजिन २७५० फेरे कसं मारत होतं याचंच आश्चर्य वाटतंय, या इंजिनाला मी रिंग गेल्या म्हणून उघडायला निघालो होतो.

दारूखान्यात (मुंबईतला जहाजांच्या जुन्या भागांचा बाजार) दोन दिवस फिरलो, या मॉडेलचा एल्बो मिळाला नाही, ऑर्डर दिलाय. तोवर जुनाच साफ केला. बिडाचा आहे म्हणून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवला, गॅलरीत, मुलांना तिकडे जाऊ दिलं नाही, हातमोजे चष्मा सगळं घालून, मग जुन्या स्क्रू ड्रायव्हरने आणि तारेच्या ब्रशने खरवडला. मूठ-दीड मूठ कार्बन निघाला. इंजिनाच्या तोंडाशीही पातळ थर होता तोही काढला. तुटलेला स्टड लेथवाल्याने बोटीवर येऊन काढून दिला.

लावायच्या आधी काही तपासायचं आहे का?

निवृत्त_मरीन | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

हो, हे नक्की करा. एल्बोच्या पाण्याच्या वाटेचं एक टोक बंद करा, दुसऱ्या बाजूने पाणी भरा आणि तासभर तसंच ठेवा. वायूच्या वाटेत एक थेंबसुद्धा यायला नको. जुन्या एल्बोत दोन वाटांमधली भिंत गंजून तिला सुईएवढी भोकं पडतात, काजळीने ती बुजलेली असतात आणि साफ केल्यावर उघडी होतात. त्यातून पाणी इंजिन बंद असताना सिलिंडरमध्ये उतरतं. थेंब आला तर तो एल्बो लावायचा नाही, नवीन येईपर्यंत थांबायचं, कितीही मन झालं तरी.

रबरी एक्झॉस्ट पाइपही आत बोट घालून बघा. जुन्या पाइपचं आतलं अस्तर सुटून झडपेसारखं लोंबतं, बाहेरून काही दिसत नाही.

समुद्रवेडा | २४ नोव्हेंबर, रात्री १०:१५

दोन तास ठेवला, कोरडा. पाइपही ठीक आहे. उद्या लावतो.

समुद्रवेडा | ३० नोव्हेंबर, रात्री ८:३०

आज पहाटे मतलई वारा पडल्यावर निघालो, पाणी आरशासारखं होतं. आधी पंधरा मिनिटं मंद चालवून तापू दिलं, मग हळूहळू लिव्हर वाढवला. २७५०... २९००... ३१००... आणि ३३५० ला जाऊन थांबलं. धूर नाही. मागे वळून वळून बघत होतो, नुसतं पाणी आणि थोडी वाफ. वेग ६.१. पाण्याच्या रेषेला २४ फूट असलेल्या बोटीला साडेसहाच्या वर जायचंच नसतं, म्हणजे मे महिन्यापेक्षाही जास्त मिळाला, एल्बो तेव्हाही थोडा भरलेला असणार. आवाजही बदललाय, पूर्वी घुसमटल्यासारखा होता तो मोकळा झालाय. थोरली मुलगी बरोबर होती, मागच्या वेळी तीही घाबरली होती, ती म्हणाली बाबा आता हे आपलं इंजिन वाटतंय.

बॅटरीसाठी ५० वॉटचं छोटं सोलर पॅनल घेतलंय, मुरिंगवर नुसतं बॅटरीसाठी इंजिन चालवणं बंद. आणि परत येताना शेवटची दहा मिनिटं जोरात चालवून आणली.

काका, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. ओव्हरहॉल केला असता तर लाखाच्या पुढे पैसे गेले असते आणि तोच चोक एल्बो परत बसवला असता.

सोलंटवरून | ३० नोव्हेंबर, रात्री ९:२०

वाचून खूप बरं वाटलं. माझा एल्बो आठ वर्षांत काढलेला नाही, या विकेंडला काढतोय. फेब्रुवारीत घरी येतोय, थळला येऊन नाखवादादांना भेटायचंय.

थळचा_नाखवा | ३० नोव्हेंबर, रात्री ९:४५

जरूर या. दोघंही या. समुद्रवेडा, तुम्ही बोट घेऊनच या, खांदेरीच्या दक्षिणेकडून येऊ नका पहिल्यांदा, किनाऱ्याकडच्या पाण्यात जाळी लावलेली असतात आणि पंख्यात जाळं अडकलं की परत पाण्यात उतरावं लागेल. निघायच्या आधी फोन करा, मी होडी घेऊन पुढे येतो आणि वाट दाखवतो.

निवृत्त_मरीन | १ डिसेंबर, सकाळी ६:३०

उपकार कसले, तुम्ही प्रत्येक पायरी नीट केलीत आणि आकडे लिहून ठेवलेत म्हणून सापडलं. दहा तास चालल्यावर इंजिन थंड असताना एल्बोचे चारही नट परत एकदा आवळा, नवीन गॅस्केट बसलं की ते ढिले होतात. नवीन एल्बो आला की लावायच्या आधी त्याच्या तोंडाचा फोटो इथे टाका, दोन्हींची मापं शेजारी बघायची आहेत.